समितीवर निवडून आलात? फक्त पेन घेऊन या

अभिनंदन! पालकसभेत मागच्या रांगेतून कुणीतरी तुमचं नाव घेतलं, दुसरा म्हणाला, "असू द्या असू द्या, तेच बरे," आणि तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य झालात. आता दोन वर्षं हा भार वाहायचा आहे. घाबरू नका. मीही सदस्य आहे. गेल्याच आठवड्यात एका सभेला हजर राहण्याचं भाग्य लाभलं. तिथे जे शिकायला मिळालं ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून सांगते.

पहिलं म्हणजे कायदा वाचू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्यातलं कलम 21 तर चुकूनही उघडू नका. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, समितीने शाळेच्या कामावर देखरेख ठेवायची, विकास आराखडा करायचा, आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते बघायचं, असलं काहीबाही त्यात आहे. वाचलं की प्रश्न पडतात. प्रश्न पडले की सभा लांबते आणि मागवलेला चहा गार होतो.

सभेची सूचना रात्री दहाला ग्रुपवर येईल, सभा दुसऱ्या दिवशी अकराला. अंगठा दाखवून झोपी जा. अर्ध्या दिवसाची रजा टाकून खरंच अकराला पोचण्याचा वेडेपणा करू नका. वर्गाला कुलूप असेल, अध्यक्ष तालुक्याला गेलेले असतील, आणि शिपाई तुम्हाला विचारेल, "कुणाकडे काम होतं?"

बाईमाणूस असाल तर मुळात जाऊच नका. "ताई, तुम्ही कशाला त्रास घेतलात, दादांना पाठवायचं की!" हे मला तोंडावर सांगण्यात आलं. दादा समितीवर नाहीत, मी आहे, एवढं म्हणताच सगळे असे हसले जणू मी गंमत केली. निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्या कागदावर अगदी काटेकोर भरलेल्या आहेत. खुर्च्यांवर यजमान असतात.

आता मुख्य काम. सही. रजिस्टर पुढे सरकवलं की पान न उलटता, बोट ठेवलं असेल तिथे सही करावी. मी पान उलटलं. गेल्या महिन्याची सभा, त्याच्या आधीच्या महिन्याची सभा, दोन्हींचं प्रोसिडिंग सुवाच्य अक्षरात तयार! या सभा झाल्या कधी, हे आम्हा सदस्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, पण गणसंख्या पूर्ण होती, विषयपत्रिका वाचून दाखवण्यात आली होती, मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यात आले होते. ठराव होता शाळेच्या भिंती रंगवून बोलक्या करण्याचा. सूचक अध्यक्ष. अनुमोदक मी! मी कशाला अनुमोदन दिलं ते मला रजिस्टरमधून कळलं. सर्वानुमते मंजूर. आणि खाली एक ओळ: मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचा विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.

म्हणून सल्ला असा की स्वच्छतागृहाचा विषय काढू नका. काढलाच तर 'ऐनवेळचे विषय' यात काढा, म्हणजे तोवर ऐनवेळ संपलेली असते. भिंतीचा रंग येता-जाता दिसतो. तपासणीला आलेल्या साहेबांना दिसतो, फोटोत दिसतो. संडासाचा फोटो कोण काढतं? मुलींसाठी स्वच्छतागृह आहे. त्याला दार आहे, दाराला कुलूप आहे, किल्ली ऑफिसच्या कपाटात आहे. कारण विचारलं तर "मुली घाण करतात." म्हणून फक्त तपासणीच्या दिवशी उघडतात. पाण्याची टाकी वर आहे, पाइप खाली नाही. आणि आपल्या बोलक्या भिंतींच्या ठेक्यात रंगाऱ्याने त्या बंद दारावरही मुलगी शिकवण्याचा संदेश रंगवलाय, कुलूप तेवढं सोडून! मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. माझी मुलगी घरी आली की दप्तर फेकून आधी मोरीत धावते. सातवीतल्या पोरी महिन्यातले चार दिवस शाळेतच येत नाहीत आणि हजेरीपत्रकावर कारण लागतं 'आजारी'. मुलामुलींना वेगळं स्वच्छतागृह आणि पिण्याचं शुद्ध पाणी ही याच कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेली किमान गरज आहे, कुणी मेहेरबानी म्हणून द्यायची चैन नव्हे. शंभराच्या वर आणि अडीचशेच्या आत पट असलेल्या शाळेसाठी 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून संयुक्त अनुदान ठरलंय वर्षाला 50,000, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवरच खर्च करायचे असा नियम आहे. म्हणजे पाच हजार. त्यात एक पाइप बसत नाही? एक नळ? पण त्या भिंतीवर हत्ती काढलाय, फार सुरेख काढलाय.

असो. सल्ले देत होते.

पोषण आहाराच्या चव नोंदवहीत महिन्याभराचं 'उत्तम' एका बैठकीत लिहून टाका.

गणवेशाच्या बाबतीत स्वतःचं मत ठेवू नका. 2024-25 मध्ये सरकारनेच सगळ्या राज्याला एकसारखा गणवेश शिवून द्यायचं ठरवलं. तो उशिरा आला, कुणाला ढगळ, कुणाला तोकडा. डिसेंबर 2024 मध्ये निर्णय मागे घेऊन 2025-26 पासून काम पुन्हा समित्यांकडे सोपवलं. दोन जोडांचे सहाशे रुपये, निर्णय तुमचा. दुकान कुठलं ते मात्र तुम्ही पोचण्याआधीच ठरलेलं असेल. तुम्ही कापड हातात धरून "छान आहे" म्हणायचं.

जमाखर्च विचारू नका, घरचेच लोक आहेत.

आता मात्र माझ्याच्याने हा सोज्वळपणा होत नाही. अध्यक्षसाहेब, तुम्ही पालकांतून निवडले गेलात, तुमची स्वतःची पोरगी त्याच शाळेत आहे. ती कुठे जाते? विचारलंय कधी? मुख्याध्यापक सर, तुमच्यावर ऑनलाइन माहितीचा मारा असतो, रोज नवी लिंक भरावी लागते, मान्य. पण न झालेल्या सभेचं प्रोसिडिंग लिहायला वेळ मिळतो आणि कपाटातली किल्ली काढायला मिळत नाही, हे मला पटवू नका. सदस्य-सचिव तुम्ही आहात. खोटं रजिस्टर तुमच्या अक्षरात आहे.

आणि बाकीचे आपण! बारा जणांच्या समितीत नऊ पालक, सोळा जणांच्या समितीत बारा. हात वर केले तर एकही ठराव आपल्याशिवाय मंजूर होत नाही. पण आपण हात वर करत नाही, पुढे सरकवलेल्या वहीत सही करतो आणि गेटबाहेर येऊन शाळेला शिव्या घालतो. बाहेर कसला आवाज करता? आत बोला. सभा महिन्यातून एकदा व्हायला हवी, ती झाली नसेल तर सही करू नका. कुणी रागावलं तर रागावू दे. बायकोच्या जागी खुर्चीत बसणाऱ्या महाशयांनी उठावं आणि तिला पाठवावं, संडासाला कुलूप म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागणार नाही. प्रोसिडिंगची आणि अनुदानाच्या खर्चाची नक्कल मागा. तोंडी देत नसतील तर अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी परवाच टाकलाय.