एक गोळी, एक आंघोळ

शिकारीचं नवं रिव्हॉल्व्हर हातात आलं की शिकारीला निघायचं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आधी चिंध्या फाडायला बसावं. एक गोळी झाडायची, नळी साफ करायची. दुसरी झाडायची, पुन्हा साफ करायची. अशा दहा गोळ्या. मग तीन-तीन गोळ्यांमागे एक आंघोळ, असे चार-पाच फेरे. गोळीला नळी ओलांडायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो आणि तिच्यामागचं आवरायला वीस मिनिटं. तान्ह्या बाळाची दुपटीसुद्धा इतकी बदलावी लागत नाहीत.

नवी नळी अशी रुळवण्यामागचं शास्त्र असं, की नव्या नळीत कटरच्या बारीक आडव्या खुणा राहिलेल्या असतात. त्या गोळीचं तांब्याचं वेष्टण किसणीसारखं खरवडतात. तांबं तिथेच चिकटतं, त्यावर पुढचा थर बसतो आणि नेम भरकटतो. प्रत्येक वेळी तांबं काढलं, तर पुढची गोळी थेट त्या उंचवट्यांवर घासते आणि ते गुळगुळीत होतात. हाताने लॅप केलेल्या, म्हणजे बारीक भुकटीने आतून घासून गुळगुळीत केलेल्या नळीला याची गरज फारशी नसते. काही नळी बनवणारे तर हे सगळं थोतांडच मानतात. मी मध्यममार्गी आहे. चिंधीवरचा निळा डाग फिका पडला की मी पुरे म्हणतो, आकडा दहा असो वा पाच.

हा निळा डाग म्हणजे अमोनियाच्या सॉल्व्हंटने विरघळवलेलं तांबं. सॉल्व्हंट पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचा. रात्रभर ठेवला तर पोलादालाही खड्डे पडू शकतात. पण ब्रश ब्राँझचा असेल तर सॉल्व्हंट ब्रशच खातो आणि चिंधी निळीची निळीच. माणूस मध्यरात्रीपर्यंत स्वतःच्या ब्रशशी लढत बसतो. नायलॉनचा घ्यावा.

रायफलवाल्यांचं बरं असतं, ते मागून रॉड घालतात. आपल्या रिव्हॉल्व्हरला मागे फ्रेम, म्हणजे सांगाडा, आडवी येते, म्हणून नळीच्या तोंडाकडूनच शिरावं लागतं. गोळी सर्वांत शेवटी सोडणारी कडा ही तोंडाचीच. रॉड घासून ती एका बाजूला झिजली की वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला जाता जाता कोपरखळी मारतो. म्हणून रॉडला त्या कडेपासून दूर ठेवणारा पितळी मझल गार्ड हवाच. सिंगल ॲक्शन (दर वेळी घोडा हाताने ओढावा लागणारं) असेल तर सिलिंडरमधली गोळ्यांची सहाही घरं रिकामी असल्याची बोटाने खात्री करून बेस पिन, म्हणजे सिलिंडरचा आस, ओढावी, सिलिंडर बाहेर काढावं, चिंधी फ्रेमच्या खिडकीत आली की तिथेच उचलावी आणि मगच रॉड मागे घ्यावा. ब्रश अर्ध्या वाटेतून मागे ओढू नये.

आता जी गोष्ट आधी तपासायची आणि सगळे शेवटी तपासतात, ती. रायफलला एक घर, रिव्हॉल्व्हरला सहा घरं आणि नळीचं दार मात्र एकच. पॉइंट ४४ मॅग्नमच्या नळीचा खोल व्यास (आतल्या खाचांच्या तळापासून तळापर्यंत) साधारण ०.४२९ इंच. सिलिंडरच्या घराचं तोंड ०.४२७ निघालं, तर गोळी दारात येण्याआधीच आक्रसलेली असते. मग शिशाची गोळी नळीत सैल पडते, कडेने वायू सुटतो, शिसं चिकटतं. मालक बिचारा नळीच घासतोय! इथे घराचं तोंड रीम करणारा, म्हणजे कोरून मोठं करणारा गनस्मिथच हवा. तसंच नळी फ्रेममध्ये करकचून पिळली असेल, तर तिथे ती आतून किंचित आवळते. रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या तोंडातून मऊ शिशाची स्लग (नळीत घट्ट बसणारा तुकडा) ढकलली, की फ्रेमपाशी आल्यावर हाताला जोर लागतो. तो आवळलेला भाग साध्या गोळ्यांनी आणि चिंध्यांनी मोकळा होत नाही. लॅपिंगच करावं लागतं.

एवढं सगळं उरकून नळी आरशासारखी झाली की शेवटची पायरी. लख्ख, तेलकट नळीतली पहिली गोळी बहुधा नेहमीच्या जागी लागत नाही. म्हणून शिकारीला निघण्याआधी रेंजवर दोन गोळ्या झाडायच्या आणि तासन्‌तास घासलेली नळी पुन्हा काळी करायची.