एक स्टार देणाऱ्या चिकोडीच्या भाऊंना: मासे मारायच्या बाणांबद्दल दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ. रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क, त्याबद्दल वाद नाही. पण खाली जे लिहिलंय ते वाचून उद्या दुसरा कुणी तसंच करायला जाईल, म्हणून उत्तर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की कार्बनचे बाण मागितले तर दुकानदाराने पिसं नसलेल्या जड फायबरच्या ‘काठ्या’ तिप्पट दराने गळ्यात मारल्या, वर स्लाइड नावाची फालतू वस्तू घ्यायला लावली, बाण माशाच्या वरून जातो, लागलेला मासाही सुटला आणि दुकानदार गिऱ्हाइकाला पोलिसासारखे प्रश्न विचारतो.

प्रश्न विचारले, होय. तळं कुणाचं, तळाला काय आहे आणि पलीकडच्या काठावर कोण असतं, एवढंच. तळं कुणाचं ते विचारलं कारण तुम्ही आल्या आल्या हिडकल धरणाचं नाव काढलंत. धरणात, नदीत मासे धरायचे तर आधी मत्स्य खात्याकडे परवान्याचं विचारायचं. खानापूरकडे भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर बाण घेऊन पाऊलही टाकायचं नाही. मग तुम्ही म्हणालात, आपल्याच रानात काळ्या दगडाची जुनी खाण आहे, त्यात रोहू-कटला सोडलेत आणि आता चिलापीच चिलापी (तिलापिया) झालीय. बरं, विषय मिटला. लगेच बाण दाखवायला काढले की नाही?

तळाला काय, हा प्रश्न तर तुमच्याच फायद्याचा. आजकाल बऱ्याच शेततळ्यांना प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. बाण माशातून आरपार जातो, चुकला तर सरळ तळाला लागतो, आणि कागदाला पडलेलं भोक पाण्याखाली कुणाला दिसत नाही. पाणी का उतरतंय म्हणून माणूस पंपवाल्याला शिव्या घालत बसतो. रायबागकडच्या एका शेतकऱ्याला याच कारणासाठी बाण न देता परत पाठवलंय, पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घ्या म्हणून सांगितलं. पाग आम्ही विकत नाही, तरी.

आणि पलीकडच्या काठाचं असं, की बाण पाण्यावर तिरका, चपटा बसला तर आत न शिरता उसळून पुढे जातो. लहानपणी भाकऱ्या काढायला चपटा दगड फेकायचो तसाच, फक्त हा दगड लोखंडी टोकाचा. सध्या सगळीकडे ऊसतोडीच्या टोळ्या आहेत, बायका-पोरं पाण्याला येतात. काठावर उभं राहून खाली मारायचं, लांबवर आडवं मारायचं नाही. हे सांगितलं त्याला तुम्ही ‘लेक्चर’ म्हटलंय. असू दे.

आता कार्बन. तुमच्या पुतण्याकडे शाळेच्या स्पर्धेचे कार्बनचे बाण आहेत, ते फार छान उडतात, हे मला मान्य. ते मीच विकतो. पण ते हवेसाठी केलेले असतात. आत पोकळ नळी, वजन 25 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन-सव्वादोन तोळे. मासे मारायचा फायबरग्लासचा बाण आतून भरीव असतो, जाडी 8 मिलिमीटर, लांबी 32 इंच, टोकासकट 90 ग्रॅमच्या पुढेमागे, जवळजवळ आठ तोळे. पाणी हवेच्या 800 पट दाट आहे. हलका बाण पाण्यात शिरला की तिथल्या तिथे वेग सोडतो, आणि दीड फुटावरच्या माशाला नुसतं टोचून वर येतो. जड बाण आपलं वजन घेऊन खाली जातो. जड बाणाने धनुष्य खराब होईल म्हणून लिहिलंय तेही उलटं आहे. धनुष्याला त्रास होतो तो फार हलक्या बाणाचा.

पिसं नाहीत म्हणून ‘अर्धवट माल’ दिला, असं वाटलं तुम्हाला. पिसं लागतात 30 मीटर, 50 मीटर सरळ उडायला. इथे मासा 15 फुटांवर. भिजलेली पिसं चिकटतात, पाण्यात बाणाला भलतीकडेच वळवतात. शिवाय मागून लाइन, म्हणजे बाणाला बांधलेला दोर, ओढली जात असते, तीच बाणाची शेपटी सांभाळते. अंदमानातले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या बाणाने मासे मारत आले, त्यांच्याही बाणांना पिसं नसतात.

खाणीसाठी अजून एक गोष्ट. खाली काळा दगड आहे, बाण चुकला की दगडावरच आदळणार. कार्बनची नळी अशा माराने आतून तडकते आणि वरून दिसतही नाही. पुढच्या वेळी ओढून सोडली की हातातच फुटते. फुटलेल्या नळीच्या काड्या केसाएवढ्या बारीक, तळहातात गेल्या तर डॉक्टरलाही सहज सापडत नाहीत, आणि माशाच्या मांसात राहिल्या तर ताटात येतात. फायबरग्लासही अमर नाही, त्याचेही तंतू निघतात. म्हणून बाण घेताना आमच्या पोराने कापसाचा बोळा दांडीवरून फिरवून दाखवला होता. बोळ्याचे धागे कुठे अडकले की तो बाण बाद. दोन्ही हातांत धरून थोडा वाकवायचा, कानाजवळ नेऊन कुरकुर ऐकायची. आणि बाण पाण्यातून ओढून काढताना हातमोजा. तुमच्या फोटोत हात उघडा आहे भाऊ, तो मोजा तुमच्याच पिशवीत असेल, बघा.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय, ‘कार्बनच्या बाणाला मागे भोक पाडून दोर बांधून द्या म्हटलं तर दुकानदार चक्क नाही म्हणाला.’ होय, म्हणालो. पुन्हा आलात तरी नाहीच म्हणेन.

दोर बाणाच्या शेपटीला बांधला म्हणजे तो नेमका कुठे येतो ते एकदा डोळ्यांसमोर आणा. धनुष्य ताणलंय, बाणाची खाच दोरीत अडकवलीय, दोरी तुमच्या गालाला टेकलीय. तुमच्या त्या लाइनचं टोक तिथेच, गालाजवळ. तिथून ती धनुष्याच्या दोरीजवळून, रेस्टजवळून (बाण टेकवायचा आधार) पुढे धनुष्यावरच्या रीळापर्यंत सैल लोंबणार. सोडताना तिचा एक वेटोळा दोरीला, रेस्टला किंवा बोटाला अडकला की बाण निघतो आणि हातभर जाऊन थांबतो. ही लाइन साधी नसते, 200 पौंड ताण सोसणारी विणलेली असते, सहज तुटत नाही. मग एवढा जोर जाणार कुठे? बाण उलटा फिरून येतो. आणि समोर तुमचं तोंड असतं. अमेरिकेत हा खेळ फार चालतो, तिथेही माणसांना अशाच तऱ्हेने इजा झाल्या, म्हणून स्लाइड आली.

स्लाइड म्हणजे दांडीवर मागेपुढे सरकणारा छोटा तुकडा, लाइन त्याला बांधायची. बाण लावलेला असताना तो पुढे, धनुष्याच्या मुठीच्याही पुढे राहतो. लाइन सगळी पुढच्या बाजूला, तोंडाजवळ काही नाही. बाण सुटला की स्लाइड घसरत शेपटीकडच्या स्टॉपरला जाऊन बसते आणि मग बाण लाइन घेऊन जातो. बस्स. एवढाच तो ‘फालतू’ भाग. मासे मारायचा बाण स्लाइडशिवाय मी विकत नाही, तुम्हालाच नाही, कुणालाच. आणि कार्बनच्या नळीला मागे भोक पाडून देणं म्हणजे आधीच नाजूक वस्तू अजून नाजूक करून तिला तोंडाशेजारी बांधणं. दुकानात ड्रिल आहे, भोक पाडायला दोन मिनिटं लागली असती.

रीळाबद्दल तुमची तक्रार नाही, तरी वाचणाऱ्यांसाठी: बटणाचं रीळ असेल तर बाण सोडायच्या आधी बटण दाबलंय का ते दर वेळी बघा. बाटलीच्या रीळाला, म्हणजे लाइन बाटलीत मोकळी पडलेली असते त्याला, ती भानगड नाही.

बाण माशाच्या वरून जातो, हे मात्र तुम्ही अगदी बरोबर पाहिलंत. सगळ्यांचा सुरुवातीला वरूनच जातो. दोष बाणाचा नाही, पाण्याचा आहे. सरळ वरून पाहिलं तरी खरी खोली पाऊणच दिसते, आणि काठावरून तिरकं पाहिलं की त्याहून कमी. म्हणजे मासा दिसतो त्याच्या खाली असतो. ढोबळ हिशेब असा: मासा 10 फुटांवर आणि पाण्याखाली 1 फूट असेल तर दिसतो त्याच्या 4 इंच खाली मारा. अंतर दुप्पट झालं तर 8 इंच, खोली दुप्पट झाली तरी 8 इंच. तुम्ही 40 फुटांवरून मारत होतात असं तुम्हीच लिहिलंय. 35 पौंड ताणाचं धनुष्य, आठ तोळ्यांचा बाण, मागे ओली लाइन, एवढ्यावर 40 फूट होत नाही हो. 15 फुटांपर्यंत जा. चिलापी काठालाच उथळ पाण्यात गोल खळगे करून बसते, तिच्यासाठी लांब मारायची गरजच नाही. सकाळी ऊन पाठीमागे घेऊन उभे राहा, आणि मिळाला तर पोलराइज्ड चष्मा घाला, पाण्यावरची चकाकी जाते.

राहिला सुटलेला मासा. तुम्ही टाकलेला दुसरा फोटो मी मोठा करून पाहिला. टोक आणि त्यामागची कॉलर यांच्यामध्ये दोन-तीन आटे उघडे दिसतायत, त्यात चिखल भरलाय. त्या बाणाचे काटे मुद्दामच असे केलेत की टोक थोडं सैल केलं की ते पुढच्या बाजूला उलटतात आणि मासा सहज काढता येतो. मासा काढला की टोक पुन्हा पूर्ण आवळायचं. आवळलं नाही तर पुढचा मासा स्वतःच धडपडून निघून जातो, आणि तो तसाच गेला. आटे पाण्यात खळखळून धुवायचे, चिमूटभर वाळू अडकली तरी टोक पूर्ण बसत नाही. दुसरं, चिलापी अंगाने चपटी असते. बाण पलीकडे बाहेर निघून काटे तिकडच्या बाजूला उघडले पाहिजेत, अर्ध्यात असताना ओढलं तर मांस मऊ असल्यामुळे फाटतं. म्हणून लाइन लगेच ओढू नका, बाण आरपार गेलाय का ते आधी बघा.

दगडावर आपटून टोक बोथट झालंय तेही फोटोत दिसतंय. कानस मारून धार येईल, नाहीतर पुढचं टोक तेवढं बदलता येतं, अख्खा बाण घ्यायची गरज नाही.

वापरलेल्या बाणांचे पैसे परत देता येणार नाहीत. पण बाण आणि धनुष्य दोन्ही घेऊन दुपारच्या वेळी या, तेव्हा गर्दी नसते. आटे साफ करून, टोकाला धार लावून देतो, त्याचे पैसे नकोत. पुतण्याच्या धनुष्याला तो चिकटवायचा नाजूक रेस्ट आहे, तो या वजनाला टिकणार नाही. जाड बाणाचा रेस्ट बसवावा लागेल, त्याचे मात्र द्यावे लागतील. पुतण्यालाही आणा, स्लाइड कशी बसते ते त्याने पाहिलेलं बरं, कारण खाणीवर धनुष्य बहुतेक त्याच्याच हातात असणार.

स्टार वाढवायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. ती भोक पाडलेल्या कार्बनची ओळ तेवढी काढून टाका.