गृहकर्ज हमखास नामंजूर करून घेण्याची पूर्वतयारी

घर घ्यायचं मनात आलं की पहिला फोन बँकेला करायचा नसतो. आधी साइटवर जायचं. एसीतला चहा प्यायचा, सॅम्पल फ्लॅटमधल्या त्या आखूड पलंगाकडे बघून 'बेडरूम केवढी मोठी वाटते!' म्हणायचं आणि एक लाखाचं टोकन देऊन मोकळं व्हायचं. टोकन परत मिळणार की नाही हे पावतीवर लिहून मागू नका, वाईट दिसतं. आधी बँकेतून पात्रता काढून मग फ्लॅट बघणारे अरसिक लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका.

आता उत्पन्न. समजा तुमचं पोळीभाजी केंद्र आहे आणि खर्च जाऊन महिन्याला साठ हजार सुटतात. सीएला एवढंच सांगायचं, "टॅक्स येता कामा नये." तो बिचारा वर्षाचे पावणेतीन लाख दाखवेल. बँक या पावणेतीन लाखांना बारांनी भागते. आले २२,९१६. त्यातला साधारण निम्मा हिस्सा हप्त्यात जाऊ शकतो असं ती धरते, म्हणजे ११,४५८. वीस वर्षांसाठी ९ टक्क्यांनी लाखाला जवळपास ९०० रुपये हप्ता बसतो. तेव्हा कर्ज बसलं पावणेतेरा लाखांच्या आत. खरे साठ हजार दाखवले असते तर हाच हिशेब तेहतीस लाखांवर गेला असता. वीस लाखांचं कर्ज तुम्ही स्वतःच्या सहीने नाकारलंत, बँकेला तसदीच दिली नाहीत. आणि कर किती वाचला? आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या धंद्याच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागतच नाही. साठ हजारांचे वर्षाला सव्वासात लाखसुद्धा होत नाहीत. म्हणजे वाचलेला कर शून्य रुपये. पण सवय मोडू नये.

दुकानात यूपीआयचा क्यूआर लावताना तो भाच्याच्या खात्याचा लावा. तुमच्या खात्यावर उलाढाल दिसली की उगाच कोणाच्या डोळ्यांवर यायला नको. रोख गल्ल्यातून थेट भाजी मंडईत जाऊ द्या. कर्जाच्या वेळी बँक बारा महिन्यांचं स्टेटमेंट मागेल, तेव्हा भाच्याला गृहकर्ज मिळेल, तो मुलगा तसा चांगला आहे.

पुढेमागे चूक लक्षात आलीच, तर गेल्या दोन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं एकाच दिवशी दुपारी भरून टाका, आणि तीही कर्जाचा अर्ज करायच्या आठवड्यात. पावतीवर भरल्याची तारीख छापलेली असते आणि फाइल बघणाऱ्या माणसाची नजर नफ्याच्या आकड्याच्या आधी त्या तारखेवर जाते. पण आपण साधी माणसं, आपल्याला काय ठाऊक?

कागद नसलेल्यांसाठी छोट्या गृहवित्त कंपन्या आहेत. त्यांचा माणूस येऊन तुमच्या केंद्रावर बसतो. आठवड्याला पिठाची पोती किती, सिलिंडर किती, मावशींचा पगार किती, असं विचारत वहीत उतरवून घेतो आणि त्यावरून उत्पन्नाचा अंदाज बांधतो. कर्ज मिळतं, पण व्याज बँकेपेक्षा तीन-चार टक्क्यांनी चढं. २० लाखांना ९ टक्क्यांनी १८ हजार हप्ता, १३ टक्क्यांनी २३,४३२. दीड-दोन वर्षं हप्ते न चुकवता भरून, मधल्या काळात विवरणपत्रं नीट करून, मग तेच कर्ज बँकेत हलवावं असं काही लोक करतात. तुम्ही करू नका. एकदा धरलेला सावकार सोडणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.

चालू हप्त्यांचीही हयगय नको. गृहकर्जाच्या अर्जाआधी तीन महिने नवी बुलेट घ्याच. तिचा साडेतीन हजारांचा हप्ता वरच्या ११,४५८ मधून सरळ वजा होतो आणि पावणेतेरा लाखांचं कर्ज पावणेनऊवर येतं. पावणेदोन-दोन लाखांची गाडी चार लाखांचं घर खाते. मायलेज मात्र चांगलं देते.

सिबिलकडे, म्हणजे आजवरची उधारी कशी फेडली त्यावरून मिळणाऱ्या गुणांकडे, वळू. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर असला की बँकेचा माणूस खुर्चीतून उठून हात मिळवतो. आयुष्यात कधी उधारी न केलेल्या माणसाला स्कोअरच नसतो, त्याच्यापुढे उणे एक येतो. आजोबांनी शिकवलेल्या सचोटीचं हे गणिती उत्तर. एफडी ठेवून त्यावर छोटं क्रेडिट कार्ड काढायचं, महिन्याला हजार-दोन हजारांचा किराणा त्यावर घ्यायचा आणि तारखेच्या आत पूर्ण बिल भरायचं, एवढ्याने वर्षभरात स्कोअर उभा राहतो. पण यात थरार काय आहे?

थरार हवा असेल तर बिलावरची 'किमान देय रक्कम' भरत जा. बँकेने स्वतः एवढीच मागितली आहे, जास्त देऊन तिचा अपमान कशाला? व्याज महिन्याला शेकडा साडेतीनच्या आसपास जातं. ५०,००० थकले तर १,७५० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३१५. वर्षाला हे ४२ टक्के झाले, पण बिलावर तो आकडा बारीक टाइपात असतो, चष्मा लावूनही नीट दिसत नाही.

आपला अहवाल स्वतः कधीही काढून बघू नका. देशात असे अहवाल ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीला वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावाच लागतो. फुकट मिळतंय म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार. शिवाय स्वतः बघितलं की स्कोअर घसरतो, असं सोसायटीतले जोशीकाका सांगतात. (घसरत नाही. पण काकांना कशाला दुखवा?)

चुकून काढलाच, तर प्रत्येक खात्याखाली महिन्यांच्या चौकटींची पट्टी दिसेल. दर चौकटीत तीन आकडे. '०००' म्हणजे हप्ता वेळेवर, नाहीतर जितके दिवस उशीर तितका आकडा. पट्टी सरळ '०००, ०००, ०००' अशी चाललेली असते आणि मध्येच एके ठिकाणी '०२६' येतं, मग '०५७', मग '०८७'. हे कसलं कर्ज म्हणून वर बघावं तर चार वर्षांपूर्वीच्या मोबाइलचं. सगळे हप्ते भरलेले. एकदा खात्यात पैसे नव्हते म्हणून एक हप्ता परत गेला, तो दुसऱ्या दिवशी भरला, पण परत गेल्याचा दंड ५०० आणि त्यावरचा ९० रुपये जीएसटी राहिला. त्या ५९० रुपयांसाठी तुम्ही थकबाकीदार आहात. दंड भरून 'नो ड्यूज'चं पत्र घेता येतं. नोंदच चुकीची असेल तर ऑनलाइन तक्रार करता येते. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण एवढं कोण करत बसतो? त्यापेक्षा 'सिस्टिमच खराब आहे' म्हणणं सोपं पडतं, आणि ते खोटंही नाही.

वसुलीवाल्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "साहेब, एक लाखाचे चाळीस हजार भरा, मॅटर क्लोज करतो," तर लगेच भरा. तो तोंडाने 'क्लोज' म्हणतो, अहवालात 'सेटल्ड' लिहून येतं. या दोन शब्दांत साठ हजारांचं आणि पुढच्या कित्येक वर्षांचं अंतर आहे. 'सेटल्ड' वाचून बँकेला एवढंच कळतं की या माणसाने पूर्वी एकाचे बुडवले. उरलेली रक्कम भरून खातं खरोखर 'क्लोज्ड' करून घेता येतं, भरण्याआधी तसं लेखी घेतलं तर. पण तोंडी शब्दावर चालणारा महाराष्ट्र अजून शिल्लक आहे, हे दाखवून द्यायची संधी सोडू नका.

एवढं झाल्यावर एजंट गाठा. 'सिबिल खराब? नो टेन्शन!' अशी पाटी विजेच्या खांबावर मिळेल. तो आगाऊ पाच हजार घेईल आणि एकाच आठवड्यात तुमची फाइल सहा बँकांत लॉगिन करेल. प्रत्येक बँक तुमचा अहवाल मागवते, प्रत्येक मागणीची नोंद होते आणि सातव्या बँकेला दिसतं की हा गृहस्थ आठवड्यात सहा दारं ठोठावून आला आहे. ६८० चा स्कोअर होता, तो आणखी खाली. पैसे देऊन खरी नोंद कोणीही पुसून देऊ शकत नाही, एजंटही नाही. पण तो फोन उचलतो, आणि बँकेत कोण उचलतं?

स्वतःचे पैसे किती लागतील याचा विचार करू नका. पुण्यात ४० लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्या. '९० टक्के कर्ज' हे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला. त्यावरच्या, ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला मर्यादा ८० टक्के. म्हणजे ३२ लाख मिळाले, ८ तुमचे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, २ लाख ८० हजार. नोंदणी ३० हजार. परवडणाऱ्या घरांचा १ टक्का जीएसटी लागू झाला तर ४० हजार. हे वरचे पैसे सहसा कर्जात धरत नाहीत. बेरीज साडेअकरा लाख, आणि अजून पंखा लागलेला नाही. खरेदी फक्त पत्नीच्या नावे केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, ४० हजार वाचतात, पण मग दारावरच्या पाटीचं काय? साडेअकरा लाखांची सोय पर्सनल लोनने करा. त्याचा हप्ता बँक पुन्हा वजा करेल आणि ३२ लाख आणखी खाली येतील. चक्र पूर्ण.

विकणारा 'दहा लाख रोख द्या' म्हणाला तर आनंदाने द्या. बँक करारावरच्या ३० लाखांवरच कर्ज काढणार आणि उरलेलं भगदाड तुम्हीच बुजवणार. घरव्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, पण तो त्याचा प्रश्न. गुंठेवारीतला, नोटरीच्या कागदावरचा प्लॉट स्वस्त मिळाला तर सोडू नका. तिथे बँक फाइल उघडतच नाही, त्यामुळे नामंजुरीचं दुःखही होत नाही.

इतकं करूनही कधीकधी कर्ज मंजूर होतं. खचून जाऊ नका. मंजुरीपत्रात विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला असेल. तो सक्तीचा नाही, हे विचारलं तरच सांगतात, म्हणून विचारू नका. मग मुदत वाढवून घ्या. ३० लाखांना ९ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता २६,९९२, तीस वर्षांचा २४,१३९. महिन्याला २,८५३ वाचले! एकूण भरणा तेवढा पावणेपासष्ट लाखांवरून सत्त्याऐंशी लाखांच्या घरात जातो.

दर वाढले तर 'हप्ता तोच ठेवा' असं म्हणा, किंवा काहीच म्हणू नका, बँक तेच समजते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. २०२१ मध्ये ७ टक्क्यांनी ३० लाख घेतलेल्याचा हप्ता २३,२५९. दीड वर्षाने बाकी राहिली २८.९ लाख आणि दर झाला साडेनऊ. महिन्याचं व्याज २२,८८०. मुद्दलात गेले पावणेचारशे रुपये. या वेगाने कर्ज फिटायला ४३ वर्षं लागतात, म्हणजे चाळिशीतल्या माणसाने त्र्याऐंशीपर्यंत तब्येत सांभाळायची. हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची मुभा बँकेने द्यायची असते. बदलत्या दराच्या गृहकर्जात मधेच मुद्दल भरलं तर दंडही नसतो. दिवाळीचा बोनस तिथे टाकला तर मुदत महिन्यांनी घटते, पण सोफा जुना झालाय ना?

कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं तर घाई करू नका. व्याजाचा मोठा हिस्सा सुरुवातीच्या वर्षांत जातो, म्हणून फायदा लवकर हलवण्यात असतो. तुम्ही सोळा वर्षं झाल्यावर हलवा. तीस लाखांपैकी पावणेअकरा उरलेले असतील. त्यावर पुन्हा प्रोसेसिंग फी, वकिलाची फी आणि गहाणाचं मुद्रांक शुल्क भरा, मुलीच्या लग्नासाठी आठ लाखांचा टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घ्या आणि मुदत नव्याने पंधरा वर्षं करा. स्वतःच्याच बँकेला एक अर्ज आणि थोडी फी देऊन दर कमी करून घेता येतो का, हे आधी विचारणं मात्र टाळा.

आणि हप्ते थकलेच, तर फोन उचलू नका. ९० दिवसांनंतर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं, मग सरफेसी या गहाण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची ६० दिवसांची नोटीस येते. या दिवसांत शाखेत जाऊन हप्त्यांची फेरआखणी मागता येते, नोटिशीवर लेखी हरकत घेता येते, किंवा फ्लॅट स्वतः विकून लिलावापेक्षा बरा भाव मिळवता येतो. पण तुम्ही नोटीस न घेता पोस्टमनला परत पाठवा. मग दारावर कागद चिकटेल आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका मराठी वर्तमानपत्रात, 'ताबा सूचना' छापून येईल. त्यात तुमचं वडिलांसकट पूर्ण नाव असेल, चतु:सीमा असतील, पूर्वेस जिना, पश्चिमेस पार्किंग, आणि फ्लॅटचं खरं कार्पेट क्षेत्रफळही असेल. साइट ऑफिसात चहा पिताना ते विचारायचं राहून गेलं होतं.