तेलाचा देश बळकावायचाय? मग हे वाचा

दागिने चोरण्याच्या भानगडीत पडू नका. तो माल घेणारा सोनारही गजाआड जातो, म्हणून भाव पडतो. त्यापेक्षा अख्खा देश चोरा. राष्ट्रपती भवन आणि रेडिओ केंद्र ताब्यात आलं की जमिनीखालचं तेल तुमचं. गिऱ्हाईक स्वतः टँकर घेऊन दारात येईल आणि पक्कं बिल मागेल. ज्याच्या हाती बंदूक त्याची सही चालते, हा जागतिक व्यापाराचा नियम कुणी मोठ्याने बोलत नाही, पण पाळतात सगळे.

गुरू हवा असेल तर आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीचे राष्ट्राध्यक्ष ओबियांग आहेत. 1979 मध्ये सत्तेवरच्या काकांना उलथवलं आणि खुर्चीत बसले, ते बसलेच. नव्वदच्या दशकात तेल वाहू लागलं. पुढे 2004 मध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशीत उघड झालं की वॉशिंग्टनच्या रिग्ज बँकेत या देशाच्या खात्यांवर एके काळी 70 कोटी डॉलरपर्यंत रक्कम होती. काही रोकड तर सुटकेसमधून आली होती. (बँकेला दंड झाला. तेलाची खरेदी चालूच राहिली.) चिरंजीवांना 2017 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने अफरातफरीबद्दल दोषी ठरवलं. तेव्हा ते उपराष्ट्रपती होते, नंतरही राहिले. तेव्हा बंगला पॅरिसमध्ये घेऊ नका, एवढाच काय तो धडा.

हिऱ्यांचा नाद असेल तर आधी सरकार व्हा, मग खणा. 2003 पासून लागू असलेल्या किंबर्ले प्रक्रियेत (हिऱ्यांना प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था) ‘संघर्षाचे हिरे’ म्हणजे बंडखोरांचे हिरे. झिम्बाब्वेच्या मरांगे खाणींवर 2008 मध्ये लष्करानेच माणसं मारली. लष्कर म्हणजे बंडखोर नव्हे; तीन वर्षांनी याच प्रक्रियेतून निर्यातीला हिरवा कंदील मिळाला.

तेल-खनिजांचा पैसा जाहीर करण्याच्या, पारदर्शकतेच्या ऐच्छिक योजनेत जरूर नाव नोंदवा. फोटो छान येतात.

एक धोका मात्र खरा आहे. 1966 च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात नैसर्गिक संपत्ती जनतेची असं लिहिलंय, आणि तुमच्या बहुतेक गिऱ्हाइकांनी तो मान्य केलाय. काही विचारवंत म्हणतात, जिथे जनतेला सरकारला जाब विचारता येत नाही तिथलं तेल घेऊच नका. दुसरा देश घेत असेल तर त्याच्या मालावर जकात लावा आणि तो पैसा त्या जनतेसाठी राखून ठेवा. हे कुठल्या संसदेत मांडलं गेलंच तर ‘पेट्रोल महागेल’ इतकंच पुटपुटा. पुढचं भाषण तुमचं गिऱ्हाईकच करेल.