हे नक्की काय आहे?

अमूर्त चित्रापुढे उभं राहून हा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारला. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत शिरायचं, समजल्यासारखी मान डोलवायची आणि बाहेर येऊन चहा प्यायचा. मग कधीतरी कळलं की चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलरनं रंगवायचे. रोलरनं! शिवाय ओल्या रंगावर मासिकांचे फाडलेले कपटे दाबायचे आणि उचलायचे. पुढच्या वेळी त्यांचं चित्र इतक्या जवळून पाहिलं की सुरक्षारक्षक खाकरला. लांबून आतून उजेड आल्यासारखं वाटत होतं ना, तिथे वरचा रंग निघून खालचा थर डोकावत होता. त्या दिवसापासून मी ‘काय आहे’ सोडलं आणि ‘कसं केलंय’ बघायला लागलो. स्वतः गायतोंड्यांना ‘अमूर्त’ हा शब्दही फारसा रुचत नसे म्हणे.

डिप्लोमाला असताना माझ्या ड्रॉइंग शीटवर सेट स्क्वेअरखाली शाई हमखास फिसकटायची. त्यामुळे चित्रकार नसरीन मोहमदींच्या शाई-पेन्सिलीच्या रेषा बघताना मी अक्षरशः श्वास रोखतो. केसाएवढ्या बारीक, आणि दोन रेषांमधलं अंतर कुठे हळूच वाढतंय, कुठे आटतंय. शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजारानं हात साथ देईना, तरी बाई रेषाच ओढत राहिल्या. १९९० मध्ये गेल्या, जेमतेम ५३ व्या वर्षी.

आपले अकोल्याचे चित्रकार अंबादास याच्या अगदी उलट. नुसते रंगाचे लोट, पावसात नांगरलेल्या काळ्या शेतासारखे. पुढे ते नॉर्वेत राहिले, पण मला त्यात वऱ्हाडच दिसतं. (चूक असेल. असू दे.) जेराम पटेल तर प्लायवूड चक्क ब्लोटॉर्चनं जाळायचे. दाद देतो, पण घरात लावणार नाही.

आता शिव्या खायच्या तयारीनं लिहितो: सय्यद हैदर रझांच्या चित्रांतले बिंदू, म्हणजे ती मोठाली वर्तुळं, मला भिडत नाहीत. सत्तरच्या दशकातला त्यांचा तो धगधगता, सैल हाताचा रंग कुठे आणि नंतरची ती कंपासपेटीतली शिस्त कुठे! तिथे मला हात दिसत नाही, फक्त ठरवलेलं दिसतं.

परवा घरी रंगकाम चालू होतं. ओल्या भिंतीला पेपर चिकटला, रंगाऱ्यानं तो ओढून काढला, तर खालचा जुना पोपटी रंग असा काही झिरपून वर आला की मी म्हटलं, “राहू दे जरा तसंच.”

तो म्हणाला, “साहेब, पॅच दिसेल.”