मापं कशीही द्या, प्रिंट निघाली की झालं

नीटनेटक्या ड्रॉइंगचा मोठा तोटा असा, की ते कुणालाही वाचता येतं आणि कुणीही दुरुस्त करू शकतं. मग तुम्हाला विचारणार कोण? ऑटोकॅडमध्ये, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बसणाऱ्या प्रत्येकाने म्हणूनच डायमेन्शन स्टाईल, म्हणजे मापांचं अक्षर, बाण आणि आकडे कसे दिसावेत ते ठरवणारा सेटिंगचा संच, मनावर घ्यावी. एका खिडकीत सात टॅब, आणि प्रत्येकात घोळ घालायला भरपूर जागा.

पहिली गोष्ट, नवी स्टाईल बनवायच्या फंदात पडू नका. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नव्या फाईलच्या तयार नमुन्यात, ‘आयएसओ-२५’ आयती मिळते. तिलाच ‘मॉडिफाय’ करत राहा आणि नाव मात्र तेच ठेवा. एका फाईलमध्ये ओव्हरऑल स्केल (अक्षर-बाणांच्या आकाराला गुणणारा आकडा) १००, दुसरीत ५०, तिसरीत १. पुढचं काम सॉफ्टवेअर बिनबोभाट करतं. एका फाईलमधलं डिटेल दुसरीत पेस्ट केलं आणि त्या नावाची स्टाईल तिथे आधीच असली, की तिथलीच व्याख्या लागू होते. स्टाईलमधली अक्षराची उंची २.५, गुणिले १०० म्हणजे २५० मिलिमीटरचं दणदणीत अक्षर, स्केल १ असलेल्या फाईलमध्ये येताच २.५ चा ठिपका होतं. मापं गेली कुठे म्हणून लोक लेयर ऑन-ऑफ करत बसतात. ‘मिमी-१००’, ‘मिमी-५०’ अशी नावं देऊन त्या स्टाईल टेम्प्लेटमध्येच ठेवल्या तर ही सगळी करमणूक बंद पडेल. तेव्हा तसलं काही सुचलंच तर पाणी पिऊन या.

टेक्स्ट स्टाईलकडेही जरा लक्ष असू द्या. फॉन्ट निवडताना उंचीच्या रकान्यात शून्य न ठेवता ३ लिहून टाका. टेक्स्ट स्टाईलमध्ये ठरावीक उंची असली की डायमेन्शन स्टाईलमधली टेक्स्ट हाइट निकामी होते. समोरचा तिथे २.५ टाको की ५, अक्षर जागचं हलत नाही. बिचारा सातही टॅब पालथे घालतो, पण जिथे शून्य लिहायचं ती खिडकीच वेगळी.

दशांशचिन्ह बदलू नका. ‘आयएसओ-२५’मध्ये ते मुळातच स्वल्पविराम असतं. प्रायमरी युनिट्समध्ये प्रिसिजन तीन दशांश स्थळांपर्यंत न्या आणि शेवटची शून्यं लपवणाऱ्या ‘ट्रेलिंग’ समोरची खूण काढा. आता सव्वा मिलिमीटरची खाच प्रिंटवर ‘१,२५०’ अशी उमटेल. वाचणारा ती साडेबाराशे वाचेल. चूक त्याची की तुमची, यावर मस्त चर्चा होऊ शकते.

एवढं धाडस नसेल तर उलट टोक गाठा. प्रिसिजन शून्य करा. ३३३.४ चे तीन भाग शेजारी शेजारी असले की मापं येतील ३३३, ३३३, ३३३. एकूण माप १०००.२, म्हणजे कागदावर १०००. तिन्हींची बेरीज भरते ९९९. साखळीतली सगळी मापं देऊन वर एकूणही देण्याचा मोठेपणा केलात, तर जोडणी करणारा त्यातलं कुठलं धरायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवेल. एक माप मोकळं सोडण्याची जुन्या लोकांची पद्धत होती. जुने लोक, दुसरं काय.

आता ओव्हरराइड, म्हणजे मूळ स्टाईल तशीच ठेवून वर चढवलेला तात्पुरता बदल. याला खरी कलाकुसर लागते. डायमेन्शन स्टाईल मॅनेजरमध्ये ‘ओव्हरराइड’ दाबून बाण लहान करा, दहा मापं टाका, मग दुसरी स्टाईल करंट करा. ओव्हरराइड टाकून दिले जातील अशी सूचना येते, ती न वाचता ओके करा. ती दहा मापं वेगळी दिसतात, पण प्रॉपर्टीजमध्ये स्टाईलचं नाव तेच. ‘सेव्ह टू करंट स्टाईल’ नावाची सोय उजव्या क्लिकवर आहे आणि जुन्या मापांवर स्टाईल पुन्हा चढवायला ‘अपडेट’चं बटणही आहे. दोन्ही कुणाला दाखवू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याहून सोपा हुकमी एक्का म्हणजे माप हाताने टाइप करणं. भिंत ३०१२ ची निघाली आणि हवी होती ३०००. भिंत सरकवायची कशाला? मापावर दोनदा क्लिक करा, ३००० लिहा, झालं. त्या क्षणी आकडा रेषेपासून सुटतो. उद्या कुणी तीच भिंत स्ट्रेच करून ४५०० केली तरी माप ३००० वर ठाम राहील. इतकी निष्ठा माणसांतही सापडत नाही. फक्त कोनी कंसांची जोडी (<>) तिथे टाइप करू नका. ती टाकली की मोजलेलं खरं माप परत येतं आणि केलेलं सगळं उघडं पडतं. मागेपुढे ‘टिपिकल’ किंवा ‘क्लिअर’ लिहायचं असेल तर ती जोडी तशीच ठेवून शब्द जोडता येतात, पण हे सभ्य लोकांचे धंदे.

टाइप करायचाही कंटाळा असेल तर एक्सप्लोड. माप फुटून रेषा, बाण आणि सुटं अक्षर उरतं. मग कुठलीही स्टाईल त्याला शिवू शकत नाही. माप वस्तूला किती जोडलेलं राहावं ते ठरवणारं ‘डिमअसोक’ सेटिंग ० ठेवलंत तर नवी मापं जन्मतःच फुटलेली येतात, वेगळे कष्ट नाहीत. २ वर ठेवलं तर ती वस्तूला चिकटून राहतात आणि वस्तू बदलली की आपोआप बदलतात. इतकं आज्ञाधारक माप काय कामाचं?

शेवटचं हत्यार जपून वापरा: ‘मेझरमेंट स्केल’चा स्केल फॅक्टर, म्हणजे मोजलेल्या लांबीला गुणून दाखवणारा आकडा. भाग चुकून निम्म्या आकारात काढला गेला? स्केल कमांड देऊ नका, फॅक्टर २ करा. १५० ची रेषा आता ३०० दाखवते. प्रिंट तपासणाऱ्याला सगळं जागेवर दिसतं, सही होते. पण लेझर कटिंगवाला त्याला दिलेल्या डीएक्सएफ नावाच्या ड्रॉइंग फाईलमधल्या रेषा कापतो, मापाचे आकडे नाही. पत्रा निम्म्या आकारात कापून येतो. एखादा शंकेखोर आधीच अंतर मोजणारी ‘डिस्ट’ कमांड देऊन दोन टोकं पकडेल आणि १५० का येतंय म्हणून विचारेल. त्याला सांगा, मशीनवर दुपटीने मोठं करून घ्या, आकडे तर बरोबर आहेत ना?