‘कंटाळा’ म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांना

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

असाध्य आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाने मागितलं, तर डॉक्टरला त्याला मरायला मदत करता यावी, असं मी गेल्या लेखात लिहिलं. त्यावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर ते धड शब्दांत आलं नसतं, म्हणून थांबले.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डॉक्टरचं काम जगवण्याचं, वेदनाशामक उपचार नीट मिळाले तर कुणी मरण मागत नाही, गोव्यातल्या घरोघरची मुलं परदेशी, त्यामुळे एकटे म्हातारे ओझं नको म्हणून मरण मागून घेतील, तशीही लिव्हिंग विलची, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तेव्हा उपचार थांबवा असं आधीच लिहून ठेवण्याची, सोय कायद्यात आहेच. आणि शेवटी हे वाक्य: ‘बाई, नातेवाईकांच्या कंटाळ्याला तुम्ही दयेचं नाव देताय.’

बाकीच्याकडे येते. आधी हे वाक्य.

माझे बाबा गोव्याच्या कदंब बससेवेत कंडक्टर होते. जबड्याच्या कॅन्सरने गेले. शेवटचे महिने घरीच होते, फोंड्याजवळच्या गावात. पेज शिजवायची, मिक्सरला लावायची, फडक्यातून गाळायची आणि नाकातल्या नळीतून सिरिंजने हळूहळू सोडायची. जरा घाई झाली की ठसका, आणि सगळं उशीवर. जखम धुवायची. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकली की वास कमी होतो, हे एका नर्सने शिकवलं होतं. वास कमी व्हायचा, जायचा नाही. तो बाबांना स्वतःला यायचा. नातवाला खोलीत येऊ देईनात. तो दारात उभा राहिला तरी हाताने ‘जा’ म्हणायचे.

मॉर्फिन होतं. दर चार तासांनी. रात्री दोनचा गजर मी लावायची, पण गजराच्या आधीच बाबा जागे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडलेले. मी हे सगळं केलं आणि पुन्हा करीन. थकले होते का? हो, हाडं दुखेपर्यंत थकले होते. आई तर माझ्याहून जास्त.

पण मरण आम्ही मागितलं नाही. बाबांनी मागितलं. बोलणं बंद झाल्यावर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे: ‘पुरो आतां. डॉक्टराक सांग.’ मी सांगितलं नाही. आईने तर तो कागद फाडून टाकला. तेव्हा त्यांनी पुन्हा लिहिला आणि घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांपुढे स्वतःच धरला. डॉक्टरांनी वाचला, त्याची घडी घातली, आणि वजन किती उतरलं ते मला विचारलं.

आता सांगा, यात नातेवाईकांचा कंटाळा कुठे दिसला तुम्हाला? आम्ही तर त्यांना धरून ठेवत होतो. त्यांचं कुणी ऐकलं नाही, ना घरच्यांनी, ना डॉक्टरांनी. माझा लेख त्यासाठी होता. तुम्ही तो वाचून माणूस ओझं वाटलेल्या मुलीचा केलात. चाळीस वर्षं रुग्ण तपासल्याचा दाखला देता, तर त्या चाळीस वर्षांत असा कागद तुमच्यापुढे एकदाही कुणी धरला नसेल, हे मला पटत नाही. तुम्ही काय केलंत, ते मात्र प्रतिक्रियेत कुठे नाही.

आणि ते ‘बाई’, ‘भावनेच्या भरात’! वेगळं मत असणं हा तुमचा हक्क आहे. पण हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर भावनेचा भर तुम्हाला दिसला असता का?

एक गोष्ट मान्य. लिव्हिंग विलवर राजपत्रित अधिकाऱ्याप्रमाणे नोटरीचीही सही चालते, ही तुमची भर योग्य आहे, वाचकांना उपयोगाची आहे.

पण त्याच सोयीकडे बोट दाखवून तुम्ही मला गप्प करू पाहता. ती सोय कुणासाठी आहे? अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाचं, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याचं, दार किलकिलं केलं. २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने लिव्हिंग विलला मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी झाली. आपल्या गोव्यात मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल करून वाट घालून दिली. याचा मला आदर आहे. पण हे सगळं उपचार थांबवण्याबद्दल आहे. ज्याचा जीव व्हेंटिलेटरवर टांगलेला आहे, त्याची सुटका होते. बाबांचा श्वास त्यांचा स्वतःचा होता. थांबवण्याजोगी होती ती नाकातली नळी, म्हणजे उपाशी ठेवायचं. शुद्धीवर असलेल्या, कागद-पेन मागून घेणाऱ्या माणसाला आपला कायदा आज एवढंच देऊ शकतो.

वेदनाशामक उपचारांबद्दल: ते हवेतच, गावोगाव हवेत, याला विरोध कोण करतंय? पण मरण फक्त वेदनेपोटी मागितलं जातं, हे गृहीतच चुकीचं आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात मरायला डॉक्टरची मदत घेऊ देणारा कायदा १९९७ पासून लागू आहे. तिथले लोक कारणं सांगताना स्वतःच्या जगण्यावरचा ताबा गेला, आवडीचं काही करता येत नाही, हे आधी सांगतात; वेदना नंतर येते. बाबांची वेदना मॉर्फिनने पुष्कळ आवरली होती. नातवाला हाकलावं लागत होतं, त्यावर कुठलं औषध होतं?

एकट्या म्हाताऱ्यांचा मुद्दा प्रत्येक जण काढतो. ऑरेगनमध्ये आयुष्य सहा महिन्यांहून कमी उरल्याचं दोन डॉक्टरांनी सांगावं लागतं, रुग्णाने स्वतः मागावं लागतं, औषध स्वतःच घ्यावं लागतं. आणि औषध लिहून घेतलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक ते घेतच नाहीत. जवळ आहे, एवढ्यावर त्यांचं भागतं. मुलं लंडनला गेली म्हणून म्हापशातली म्हातारी माणसं रांग लावतील, हे मला पटत नाही. डॉक्टरांच्या शपथेवर तर इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, आहे तशी राहील. पुढची चर्चाही करू, मॉर्फिनच्या तुटवड्यापासून सुरुवात करू हवं तर. पण त्याआधी ‘कंटाळा’ हा शब्द मागे घ्या. माझ्यासाठी नको, माझ्या आईसाठी. तीही हे वाचते.